दोनशे चौदा नंबरच्या खोलीपुढची रांग

वोलान्स्काबाई माझ्या डोक्यावर चालतात. मी तिसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या. मधे सरकारी काँक्रीटचा एक पातळ थर, त्यातलं निम्मं सिमेंट कुणा साहेबाच्या बंगल्याला लागलं असणार. त्यामुळे बाईंच्या मनात काय चाललंय ते मला त्यांच्याही आधी कळतं. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते दार, दार ते परत स्वयंपाकघर. पायात सपाता असतील तर विचार चालू आहे. बूट असतील तर निर्णय होत नाहीये. आणि एका पायात सपात, दुसरा अनवाणी, असं असेल तर रेडिओवर बातम्या लागल्यात.

यंदा सप्टेंबर संपत आला तेव्हापासून बूटच.

तशी एकट्या बाईंचीच काय, आख्ख्या शहराची झोप उडालेली. पोलंडात लोकशाही येऊन दोन वर्षं झाली तरी ती नक्की कुठे बसणार ते ठरत नव्हतं. सकाळी ट्रॅम एका नावाच्या चौकातून न्यायची, संध्याकाळी दुसऱ्याच नावाच्या चौकातून परत आणायची, आणि चौक तोच. गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड होत होती आणि गिरणीतल्या बायका फुटपाथवर खाटा मांडून तुर्की स्वेटर विकत होत्या. निवडणूक तोंडावर आलेली, भिंतींवर एवढे पक्ष चिकटवलेले की भिंत दिसेना. बिअर पिणाऱ्यांचासुद्धा एक पक्ष होता, आणि आमच्या जिन्यात त्यालाच सगळ्यात जास्त पाठिंबा होता.

इर्मिना वोलान्स्का ही विणकर बाईची मुलगी. बाप लढाईतून परत आला नाही. आई तीन पाळ्यांत मागावर उभी राहिली आणि मुलीला शिकवलं. मुलीने विद्यापीठात विषय घेतला पोलिश. आई म्हणाली, "अगं, पोलिश तर मलाही येतं. तू डॉक्टर हो." झाली डॉक्टर. पण अशी, की गिरणीत सांगताना आईला दरवेळी पुढे जोडावं लागे, "नाही हो, सुई टोचणारी नव्हे." नवरा केला तो इंजिनिअर. एक्क्याऐंशीत कामासाठी स्वीडनला गेला आणि तिकडचाच झाला. दोन वर्षं कॉफीची पार्सलं आली, मग घटस्फोटाचे कागद आले. बाई म्हणाल्या, "कॉफी चांगली होती." बस, एवढंच. अश्शा आहेत त्या. सरळ बोलायच्याच नाहीत.

त्याला कारण त्यांचा धंदा. आमच्याकडे चाळीस वर्षं छापायचं ते सगळं आधी सेन्सॉर वाचायचा. त्यामुळे लिहिणारा एक लिहायचा आणि वाचणारा दुसरंच वाचायचा. बाई मुलांना तेच शिकवायच्या. छापलेल्या ओळीच्या पोटात काय दडलंय ते कसं ओळखायचं, कवीने पानगळीवर लिहिलं तर कोण गळून पडलंय. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात, लष्करी कायदा लागून रस्त्यांवर रणगाडे असताना, बाईंच्या दोनशे चौदा नंबरच्या खोलीत पोरं हीटरवर बसायची, खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. मला हे पक्कं ठाऊक, कारण त्याच इमारतीत तळमजल्यावर मी कोट सांभाळते. कोट घ्यायचा, बिल्ला द्यायचा. विद्यापीठातलं सगळं ज्ञान माझ्या खिडकीपुढून जातं, आणि पाच महिने तरी भिजून जातं. त्या वर्षी माझ्या खुंट्यांवर जागा उरली नव्हती, पोरांचे कोट मी बाकांवर ढिगाने रचायची.

आता सेन्सॉर घरी गेला. वर्तमानपत्रं मनाला येईल ते, मोठ्या अक्षरांत, शिव्यांसकट छापतात. पण बाईंची सवय कुठे जाणार? परवा सकाळी जिन्यात भेटल्या, हातात पेपर.

"मिर्काबाई, हे बघा. 'उद्या पश्चिमेकडून थंड वारे.' पश्चिमेकडून. यात खोच काय असेल?"

"खोच एवढीच की टोपी घाला."

त्या मनापासून निराश झाल्या. गेल्या वसंतात एकदा फोन करून म्हणाल्या, "माझ्याकडे जरा कोंदट झालंय." मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेले आणि त्यांची खिडकी मोकळी करून दिली. त्यांनी आभार मानले. त्यांना एकटं वाटत होतं हे मला आठवड्याने कळलं.

तर बूट का, ते सांगते. मला त्या म्हणाल्या, "यंदा झाडाला फळ कमी." मी मान डोलावली आणि सरळ डीनसाहेबांच्या टायपिस्टकडे गेले. तिला केक नेला की ती सगळं टाइप न करता सांगते. तिने सांगितलं, नवा नियम आलाय. ऐच्छिक वर्गाला दहा मुलं हवीत, शेवटपर्यंत दहा. नाहीतर वर्ग बंद. आणि वोलान्स्काबाईंचा वर्ग बंद झाला की त्यांना अर्ध्या पगारावर तळघरातल्या पुस्तकांच्या कोठीत पाठवणार, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला. गेल्या वर्षी त्यांच्याकडे किती होती? पाच. त्यातलं एक लग्न करून जर्मनीला गेलं.

आणि पोरं जाणार कशाला तिथे? शेजारच्याच खोलीत डॉक्टर गावेल नावाचा तरणाबांड गडी 'जाहिरातीची भाषा' शिकवतो, गळ्यात टाय, हातात रंगीत स्लाइडा. वर्ग भरून बाहेर सांडतो. बाईंनी काय करावं? त्यांनी फळ्यावर सूचना लावली. 'मौनाचे प्रकार : निवडक वाचन'. दुसऱ्या दिवशी एक मुलगी बगलेत चटई घेऊन माझ्या खिडकीशी आली आणि विचारते, "योगासनं किती नंबरला?"

"बाई," मी म्हटलं, "पोरांना सरळ सांगा ना. या म्हणावं माझ्या वर्गाला, गरज आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना कपडे उतरवायला सांगितलं.

आता क्लेमेन्सराव. हे आमच्या इमारतीत तळमजल्याला राहतात. रंगाईखात्यातून निवृत्त, पण खरा नावलौकिक त्यानंतरचा. आख्खं ऐंशीचं दशक हा माणूस पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी रांगेत उभा राहिला. मांसाची रांग, बुटांची रांग, धुलाई यंत्राची रांग. टॉयलेट पेपरच्या माळा गळ्यात घालून विजयी वीरासारखे परत यायचे आणि बायका खिडक्यांतून हाका मारायच्या. आता दुकानात सगळं मिळतं, फक्त खिशात काही नाही, म्हणून रांग नाही. क्लेमेन्सराव कामातून गेले. सकाळी उठून सवयीने दुकानात जातात, काउंटरपुढे उभे राहतात. पोरगी विचारते, "काय हवंय?" हे म्हणतात, "काही नाही. उभा आहे."

मी त्यांना बाईंची गोष्ट सांगितली. सांगण्यामागे हेतू काही नव्हता, बटाटे सोलता सोलता सांगितली. म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"मिर्का, नावं कशी नोंदवतात?"

"सोमवारी प्रत्येक खोलीच्या दारावर कागद लावतात. ज्याला हवं तो लिहितो."

"दारापुढे रांग असते?"

"गावेलच्या असते. बाईंच्या दारापुढे माशीसुद्धा नसते."

"मग पोरं कशी येतील? जिथे रांग नाही तिथे काही चांगलं देत असतील यावर कोण विश्वास ठेवेल?" त्यांनी कपाटातून घडीचं स्टूल बाहेर काढलं आणि त्यावरची धूळ पुसली. "मला तीन माणसं दे. सकाळी आठपर्यंत."

तीन कुठली, दोन मिळाल्या. झेनोबिया आणि तिची बहीण, दोघी निवृत्त विणकर, दोघींचे गुडघे गेलेले पण जिभा शाबूत. सोमवारी सकाळी मी तिघांना माझ्या बाजूच्या दारातून आत घेतलं. "कोट काढायचे नाहीत," क्लेमेन्सरावांनी हुकूम सोडला. "कोट काढलेली रांग म्हणजे लग्नाची वरात. आणि कोणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. माहिती दिली की रांग मोडते." तिघं जिना चढून दोनशे चौदाच्या बंद दारापुढे उभे राहिले, हातात जाळीच्या पिशव्या, थर्मासमध्ये चहा.

पहिलं पोरगं आलं, गावेलच्या दाराकडे निघालेलं. पाय अडखळला.

"काय देतायत?"

"माहीत नाही बाबा," झेनोबिया म्हणाली. "पण सगळ्यांना पुरणार नाही."

"एकाला एकच," बहीण म्हणाली.

पोरगं उभं राहिलं. त्याच्यामागे दोन मुली. त्यांच्यामागे कोणी तरी, ज्याला पुढच्याने सांगितलं की संपत आलंय. या पोरांचं बालपण आईचा हात धरून रांगेत गेलंय हो. पायांना ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. पोरं दारापाशी पोचायची, कागद दिसायचा, आणि इतका वेळ उभं राहून सही न करता परत जाणं तर पाप. करायची सही. म्हाताऱ्यांची पाळी आली की ती गुपचूप वळून परत शेवटी. दहा वाजेपर्यंत रांग कोपऱ्यावरून वळून जिन्याने माझ्या खिडकीपर्यंत उतरली. गावेलच्या दारापुढची निम्मी पोरं इकडे सरकली. सफाईवालासुद्धा झाडू भिंतीला टेकवून उभा राहिला. कोणी तरी त्याला केळी आलीत असं सांगितलं होतं.

आणि अकराच्या सुमाराला वोलान्स्काबाई आल्या.

रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे मला छतावरून माहीत होतं. मान खाली, बूट ओले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, आणि रांगेचं शेपूट दिसलं. पाय तिथेच थांबला. हात आपोआप खिशात गेला, जाळीची पिशवी बाहेर आली. आणि वोलान्स्काबाई स्वतःच्याच वर्गाच्या रांगेत, शेवटी, उभ्या राहिल्या.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण असं दृश्य आयुष्यात एकदा दिसतं. मी कोट देवाच्या भरवशावर सोडले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यांच्या पुढे चामड्याचं जाकीट घातलेला एक तिशीतला माणूस पाठमोरा होता. त्याच्या पुढे दोन पोरं, पहिल्या वर्षातून नुकतीच वर आलेली. हुबर्ट, ज्याचे कान टोपीत मावत नाहीत, आणि किंगा, जी माझ्याकडे कोट देते तेव्हा खिशातल्या शेंगदाण्यांसकट देते.

"काय देतायत?" बाईंनी विचारलं.

"नक्की माहीत नाही," हुबर्ट वळून म्हणाला. "कोणी वोलान्स्का म्हणून आहे म्हणे."

बाई म्हणाल्या, "काय विशेष आहे तिच्यात?"

"माझी आई सांगते," किंगा म्हणाली, "पूर्वी तिच्या वर्गाला पोरं खिडकीतून चढून यायची."

"मग आता का येत नाहीत?"

"आता दार उघडं आहे ना."

मला वाटलं बाई कोसळणार. पण त्या हसल्या. मोठ्याने. आणि मग बोलायला लागल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांना असं बोलताना पूर्वीही ऐकलंय, पण फक्त रांगेत. आमच्याकडे त्या सगळ्या वर्षांत माणसं घरात कुजबुजायची, फोनवर आडून बोलायची, सभेत टाळ्या वाजवायची. रांगेत मात्र तोंड मोकळं सुटायचं. पाच तास उभं राहिल्यावर कोण कशाला घाबरतो? मांसाच्या रांगेत बाईंनी एकदा अख्ख्या मंत्रिमंडळाचा उद्धार केला होता, नावानिशी, आणि कसायाने त्यांना चांगला तुकडा दिला होता.

"तुम्ही तेव्हा केवढे होता?" त्या पोरांना म्हणाल्या. "ब्याऐंशीत टीव्हीवर साडेसातच्या सरकारी बातम्या लागल्या की आमची सगळी कॉलनी खाली उतरायची. कुत्री घेऊन फिरायला. टीव्ही आत एकटा बोलत बसायचा. कोणी घोषणा देत नव्हतं, काही नाही. नुसतं फिरायचं."

"ज्यांच्याकडे कुत्रं नव्हतं ते?" हुबर्टने विचारलं.

"ते नुसता पट्टा घेऊन फिरायचे."

पोरं खिदळली. आजूबाजूची चार डोकी वळली. "पोलिसांनी काय केलं?" "काय करणार? कुत्र्याला फिरवायला बंदी नव्हती." "मग मोर्चा आहे हे त्यांना कळायचं?" "सगळ्यांना कळायचं. हीच तर गंमत. सगळ्यांना कळायचं आणि कोणी म्हणायचं नाही. तुम्हाला अशी एखादी गोष्ट माहीत आहे का, घरात, की जी सगळ्यांना कळते आणि कोणी म्हणत नाही?" एका मुलीने मान खाली घातली. दुसरा म्हणाला, "आमच्याकडे बाबांची नोकरी गेलीय, ते रोज सकाळी डबा घेऊन निघतात." कोणी हसलं नाही. रांग दोन पावलं पुढे गेली आणि यांच्यापुढे मोकळी जागा पडली, तरी कोणी हललं नाही. आमच्याकडे रांगेत मोकळी जागा पडू देणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

तेवढ्यात चामड्याचं जाकीट वळलं.

"तुमच्याकडे कुत्रं नव्हतं, बाई. तुम्ही मांजर घेऊन फिरायचात. टोपलीत."

बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम पुसलं गेलं. मीही ओळखला. सेवेरिन. तेव्हा दोनशे चौदामध्ये तिसऱ्या बाकावर बसायचा, सगळ्यात सुरेख अक्षरात टिपणं काढायचा. ती टिपणं कुठे जातात हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, मला खाली कोटांपाशीसुद्धा माहीत होतं. कोणी काही म्हटलं नाही. त्याने पदवी अर्धवट सोडली. आता स्टेशनसमोर त्याची परदेशी नोटा बदलून देण्याची दोन दुकानं आहेत.

"तुम्ही इथे कशाला?" बाई म्हणाल्या.

"परत नाव घातलंय. पदवी पुरी करायचीय. नियमाने."

"पदवीची काय गरज पडली तुम्हाला?"

"गरज नाही," तो म्हणाला. "तरी."

रांग सरकली आणि बाई दारासमोर आल्या. कागद वरपासून खालपर्यंत भरलेला, समासातसुद्धा नावं. सगळ्यात वर, मथळ्यात, त्यांचं स्वतःचं. आणि नेमकं त्याच वेळी क्लेमेन्सराव काखेत स्टूल घेऊन, झेनोबियाला हाताला धरून, परत शेवटी जायला निघाले होते. बाईंनी स्टूलाकडे पाहिलं. झेनोबियाच्या पिशवीकडे पाहिलं. मग हळूच वळून माझ्याकडे.

"मिर्काबाई."

"मी कोट बघायला आले होते," मी म्हटलं.

कागद भरलेला होता. त्यांनी गप्प राहायचं होतं फक्त. आयुष्यभर ज्या विषयात डॉक्टर होत्या तेवढंच करायचं होतं. सही झालेली पोरं दोन-तीन आठवडे तरी आली असती, पुढचं पुढे. क्लेमेन्सराव मागून खुणा करत होते, तोंडावर बोट ठेवून.

बाई कॉरिडॉरच्या खिडकीपर्यंत गेल्या. परत आल्या. परत गेल्या. बूट वाजत होते आणि रांग टेनिसचा सामना बघावा तशी मान फिरवत होती. मग त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"ही रांग खोटी आहे," त्या म्हणाल्या. "इथे काही देत नाहीत. वोलान्स्का मीच. माझ्या वर्गाला दहा जण मिळाले नाहीत तर वर्ग बंद होईल आणि मला तळघरात पाठवतील. मला तळघरात जायचं नाही. मला हा वर्ग हवाय. पण रांग होती म्हणून ज्यांनी नाव लिहिलं त्यांनी खोडावं. पेन्सिल तिथे बांधलेली आहे."

बाईंचे कान लाल झाले होते.

"म्हणजे केळी नाहीत?" सफाईवाला म्हणाला.

"घडवलेली रांग मोडली," क्लेमेन्सराव माझ्या कानाशी पुटपुटले, आणि मला वाटलं त्यांना आता खाली बसवावं लागेल.

पोरं प्रामाणिक निघाली, मेली. एकेक करून पुढे यायची, "सॉरी हं, बाई" म्हणायची, नाव खोडायची. काही तर स्वतःचं सापडेना म्हणून भलत्याचंच खोडून गेली आणि त्यावरून भांडणं झाली. गावेलच्या दाराकडे परत गर्दी वाहायला लागली. बाई खिडकीपाशी उभ्या, पाठमोऱ्या. मोजत नव्हत्या. मोजलं किंगाने, बोट लावून.

"दहा! बाई, दहा आहेत! झालं!"

झेनोबियाने टाळी वाजवली. बाईंनी येऊन कागद पाहिला. किंगाचं नाव, हुबर्टचं, त्या डब्याच्या गोष्टीवाल्याचं. आणि शेवटी, जुन्याच सुरेख अक्षरात, सेवेरिनचं.

मी म्हटलं, सुटलो. पण त्या परत चालायला लागल्या. खिडकी, दार, खिडकी. थांबल्या.

"सेवेरिन, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"बाई, त्याला आठ-नऊ वर्षं झाली."

"या सगळ्यांना तुमच्याबरोबर एका खोलीत बसायचंय."

त्याने छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "मी वर्गातलं लिहून द्यायचो. कोण काय म्हणालं ते."

"कुणाला?"

"त्यांना."

"कुणाला, सेवेरिन?"

"पोलिसांना. गुप्त." आवाज अगदी बारीक झाला. "दर महिन्याला."

किंगा म्हणाली, "मग? आता काय त्याचं? तेव्हा तर सगळेच..." आणि हुबर्टकडे पाहून गप्प झाली. हुबर्टने टोपी काढली होती. त्याचे कान पांढरे दिसत होते.

"माझे बाबा ब्याऐंशीत आत होते," तो म्हणाला. "अकरा महिने. कुणी लिहून दिलं ते अजून माहीत नाही."

त्याने दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. एक नाव खोडलं की नऊ. नऊ म्हणजे तळघर. हे तिथे सगळ्यांना कळत होतं. बाईंनी 'राहा' म्हटलं नाही. हातातली जाळीची पिशवी मात्र त्यांनी इतकी पिळली होती की तिची दोरी झाली होती.

"मी जातो," सेवेरिन म्हणाला.

"मग पण नऊच होतात!" किंगा ओरडली. "कुणीही गेलं तरी नऊच!"

"हो," बाई म्हणाल्या.

हुबर्टने पेन्सिल धरूनच विचारलं, "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग त्याला हाकललं का नाही?"

आता बाई पानगळीबद्दल काही तरी बोलणार, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

"कारण तो गेला असता तर दुसरा आला असता, आणि तो कोण ते आम्हाला कळलं नसतं," बाई म्हणाल्या. "हे एक. तो वर्गात सगळ्यात चांगला वाचायचा, हे दुसरं. आणि मी घाबरत होते. ते तिसरं, पण खरं म्हणजे पहिलं."

हुबर्टने पेन्सिलीचं टोक सेवेरिनच्या नावावर टेकवलं.

"असलं वर्गात विचारता येईल?"

"असलंच विचारायचं."

"यालासुद्धा?"

"याला आधी."

"माझ्या बाबांचं नाव ऐकलंयस?" कागदावरचं स्वतःचं आडनाव दाखवत त्याने सेवेरिनला थेट विचारलं. तुम्ही-बिम्ही काही नाही.

"नाही," सेवेरिन म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटतं नाही. मी खूप नावं लिहिली."

हुबर्टने पेन्सिल सोडली. ती दोरीला लटकून दारावर टकटक करत राहिली. "राहतो मी," तो म्हणाला. "पण याच्या शेजारी बसणार नाही."

"मीही बसलो नसतो," सेवेरिन म्हणाला.

बाईंनी कागद काढला आणि दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतः डीनसाहेबांकडे घेऊन गेल्या. टायपिस्टने नंतर सांगितलं, काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "दहा आहेत. मोजा." टायपिस्टला वाटलं यात काही तरी खोच असणार.

आता डिसेंबर लागलाय. निवडणूक झाली, एकूण किती पक्ष निवडून आले ते मोजायला टीव्हीवाल्यांना दोन बातमीपत्रं लागली. क्लेमेन्सराव अमेरिकन वकिलातीपुढे व्हिसाच्या रांगेत उभे राहायला मिळतं का ते बघायला वॉर्साला जाऊन आले. बाई अजून बुटातच असतात. दर गुरुवारी त्यांचा वर्ग. आणि वर्ग कसला, भांडण. एक ओळ वाचतात आणि तास संपेपर्यंत आरडाओरडा, शेजारून गावेल भिंत ठोकतो. किंगा एकदा रडत बाहेर आली आणि शेंगदाणे खाऊन परत आत गेली. नियम मात्र तोच, शेवटपर्यंत दहा. एक जरी सुटला तरी वर्ग बंद. म्हणून गुरुवारी बाई वर बसूच शकत नाहीत. दर थोड्या वेळाने जिन्याने खाली येतात, काही तरी विसरल्यासारखं करतात आणि माझ्या खुंट्यांकडे बघतात.

"किती?" आता सरळ विचारतात.

"आठ."

"कोण राहिलं?"

विचारायची गरजच नसते. तेच दोघं राहिलेले असतात. या गुरुवारी सेवेरिन आला, ओला, जाकीट हातात. "तो आला का?" मी म्हटलं नाही. जाकीट माझ्याकडे दिलं नाही, बाहेर पायरीवर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. बाई वरून जिन्याच्या कठड्याला धरून बघत होत्या. मग हुबर्ट आला, त्याच्याकडे न बघता बाजूने आत शिरला आणि माझ्या खिडकीशी थांबला.

"तो आलाय?"

"बाहेर आहे. त्याच्या बाजूनेच तर आलास."

"म्हणजे आलाय."

"आलाय रे बाबा."

हुबर्टने तोंड वाकडं केलं, दार उघडून बाहेर मान काढली आणि ओरडला, "ए, चल आत. सुरू होतंय." मग कोट माझ्या अंगावर फेकला आणि बिल्ला न घेताच जिना चढून गेला.